चित्रांचे पुस्तक आणि कामगाराची संध्याकाळ



वसंतातील या व्याख्यानांना मी आजवर श्रोता म्हणून, आणि तोही बहुधा मागल्या रांगेतला श्रोता म्हणून येत आलो आहे. चालकांनी मला बोलावले तेव्हा मी संपाचा, बोनसचा किंवा नव्या कामगार संहितांचा विषय घेईन अशी त्यांची समजूत होती. मी लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचा विषय सांगितला, तेव्हा त्यांतल्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. त्यांचा दोष नाही. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटाने आणि गावातल्या वाचनालयांनी केले. उभा जन्म पाळ्या, हजेऱ्या आणि निवेदने यांत गेला. अशा माणसाने बालवाङ्मयावर बोलावे हे विचित्र दिसते खरे. परंतु लहान मुलाला जवळ घेऊन त्याला चित्रे दाखवावीत, त्यातून त्याच्या मनात दुसऱ्याविषयी माया उपजावी, ही गोष्ट जितकी पुस्तकाची आहे तितकीच वेळेची आहे असे माझे मत आहे. आणि वेळ हा तर आमचा जुनाच विषय.

चित्र दाखवून गोष्ट सांगणे आपण साहेबाकडून शिकलो, असा एक समज आहे. तो खरा नाही. सावंतवाडीजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्पिढ्या रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून कथा गात आले. त्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिकडे युरोपात कोमेनियस नावाच्या पंडिताने १६५८ साली मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक छापले आणि ते पुढे अनेक भाषांत गेले. दोन्हीकडे कल्पना एकच: अक्षर न येणाऱ्यालाही चित्र वाचता येते. ही कल्पना मनात ठेवावी. माझ्या घरच्या हकिकतीशी तिचा संबंध पुढे येणार आहे.

मराठीत मुलांसाठी छापलेली पुस्तके आली ती बोधाची बोट धरूनच. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही १८२८ सालची. ‘बाळमित्रा’चे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाचे, ते इंग्रजीतून आपल्याकडे आले. दयाळू व्हावे, खोटे बोलू नये, गरिबाला हसू नये, अशी ही शिकवण. ती वाईट होती असे मी म्हणत नाही. परंतु गोष्टीच्या शेवटी तात्पर्य येई आणि मुलाचे काम तेवढे तात्पर्य पाठ करण्याचे राही. दया पाठ करून येत असती तर आमच्या पिढीतील पुष्कळ व्यवस्थापक संत झाले असते!

आता १८८१ या सालाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. त्या साली मुंबईत विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले. मुलांसाठी सोपे, स्वच्छ मराठी लिहिण्याचे हे व्रत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ निष्ठेने चालविले. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात हे साल मानाने सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्याच १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलाला गिरणीत ठेवण्यास बंदी केली. आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये असे ठरविले. आपण ऐकले ते बरोबरच आहे. सात वर्षांचे मूल, नऊ तास. आणि ही सुधारणा होती. मोठ्या माणसांच्या तासांना तर त्या कायद्यात मर्यादाच नव्हती. म्हणजे एकाच वर्षी मराठी मुलाच्या हातात मासिक आले आणि मराठी मुलाच्या हातातल्या सुतालाही कायद्याने मान्यता मिळाली. फक्त ती दोन मुले एक नव्हती. बालवाङ्मयाच्या इतिहासात दुसऱ्या मुलाचे साल कोणी नोंदवीत नाही, म्हणून मी ते येथे नोंदवितो.

आपल्या नागपूरचेच पाहा. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीने त्याच दिवशी सम्राज्ञीपद घेतले, म्हणून हे नाव. गिरणी चालविण्यास आणलेले बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले. आपले बेझनबाग त्यांच्याच नावाचे. या गिरणीने त्या काळाच्या मानाने पुष्कळ गोष्टी आधी केल्या हे आम्ही युनियनवाल्यांनीही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. निवृत्तिवेतनाची सोय १८८६ मध्ये, अपघाताची भरपाई १८९५ मध्ये, भविष्यनिर्वाह निधी १९०१ मध्ये. पुढे पाळणाघरही आले. पाळणाघर नव्हते तेथे गिरणीत जाणाऱ्या बाया मुलाला अफूची गोळी देऊन निजवीत. मुंबईत तर तिला ‘बाळागोळी’ असे लाडके नाव होते. आईच्या अंगी माया नव्हती म्हणून ती अफू देत नव्हती. मागावर जावे तर मूल रडते आणि मूल सांभाळावे तर चूल विझते, म्हणून देत होती. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई प्रांतात १९२९ मध्ये आणि आपल्या मध्यप्रांतात १९३० मध्ये झाला.

तास कसे उतरत गेले ते थोडक्यात सांगतो, कारण आकड्यांचा श्रोत्यांना कंटाळा येतो हे मी सभांतून शिकलो आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. १९११ मध्ये कापड गिरणीतील पुरुषाला बारा तास, १९२२ मध्ये अकरा तास, १९३४ मध्ये दहा तास, आणि युद्धानंतर १९४६ मध्ये नऊ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कायद्याने तेच कायम केले. बारा तास गिरणीत आणि दोन तास जाण्यायेण्यात घालवून घरी आलेला बाप मुलाला मांडीवर घेऊन चित्र दाखवील, ही अपेक्षा करणाऱ्याने एकदा बारा तास उभे राहून पाहावे. मुलाशी बोलण्याची संध्याकाळ कामगाराला कोणी बक्षीस दिली नाही. ती एकेका तासाने मिळविलेली आहे.

मध्यमवर्गाच्या घरी दरम्यान मासिकांची वाढ झाली. वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ पासून निघू लागले, आणि १९२० नंतरच्या दशकात आपल्या नागपुरातूनच ‘मुलांचे मासिक’ निघाले. त्याच काळात याच शहरात जाईबाई चौधरी नावाची एक बाई होती. लहानपणापासून नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहणारी. ती लिहावयास शिकली, शिक्षिका झाली, ती अस्पृश्य आहे असे कळताच पालकांनी गहजब केला आणि नोकरी गेली. तेव्हा तिने चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. किसन फागूजी बनसोडे यांनी त्याआधीच, १९०७ च्या सुमारास, पाचपावलीत अशी शाळा काढून वाट घालून दिली होती. गहजब करणारे पालक अशिक्षित होते असे कोणी समजू नये. त्यांच्या घरी ‘बाळमित्रा’सारखी पुस्तके असणारच, दयेची तात्पर्ये त्यांना पाठ असणारच.

पुस्तकातली दया पुस्तकात का राहते? या प्रश्नाशी कृतीने झुंजणारी मराठी बाई म्हणजे ताराबाई मोडक, आणि त्यांच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. जन्म मुंबईचा, १८९२ चा. लग्नानंतरची काही वर्षे अमरावतीत गेली, म्हणजे विदर्भाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. माँटेसोरीबाईंचा दोघांवर मोठा प्रभाव. परंतु लहानग्यांना अद्भुत गोष्टी सांगण्यास बाईंचा विरोध होता, आणि गिजुभाईंनी तर कथाकथनाचे शास्त्रच लिहून काढले! गुरूला मानावे पण आपल्या मुलांना ओळखावे, हा धडा मला त्यात दिसतो. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. दोघांनी मिळून मुलांसाठी छोटी छोटी पुस्तके संपादित केली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथवर हे काम शहरातल्या, धुतल्या कपड्यांच्या मुलांत होते, आणि ताराबाईंना ते टोचत होते. १९४५ च्या डिसेंबरात त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर सुरू झाली, पण वस्तीवरची गरीब मुले येईनात. कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाकडे बकरी, कोणाला अंगावर कपडा नाही म्हणून लाज. या ठिकाणी दुसरे कोणी असते तर ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही’ असा अहवाल लिहून मोकळे झाले असते. ताराबाईंनी बालवाडी उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झाले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणात गेली. साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांची साधने केली. दयेचा एकही पाठ न देता मुलांना दया कळली असेल तर ती येथे कळली असे मला वाटते: आपल्यासाठी कोणी तरी चालत आले, हे मुलाला न सांगता समजते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ मध्ये गेल्या; अनुताई १९९२ मध्ये. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज गावोगाव, वस्तीवस्तीत अंगणवाडी आहे.

आता माझ्या घरची हकिकत. माझे वडील गिरणीत विणाई खात्यात होते. अंगठेबहाद्दर. मी चार-पाच वर्षांचा असेन. युनियनच्या कचेरीशी एकदा पुस्तकांचे प्रदर्शन लागले होते. त्या काळी मॉस्कोहून मराठीत छापून आलेली मुलांची पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत अशा प्रदर्शनांतून फार स्वस्त मिळत. कागद गुळगुळीत, रंग ताजे. त्या राजवटीने आपल्या लोकांवर काय काय केले ते पुढे मी वाचले, आणि ते विसरण्याजोगे नाही; परंतु १९९१ मध्ये ती राजवट गेली आणि हळूहळू ही पुस्तकेही गेली, त्याचे मला आजही वाईट वाटते. कामगाराच्या खिशाला परवडेल असे रंगीत पुस्तक त्यानंतर पुष्कळ दिवस कोणी काढले नाही.

वडिलांनी एक पुस्तक आणले. सकाळच्या पाळीचा आठवडा असला की संध्याकाळी ते मला मांडीवर घेत आणि ‘वाचीत’. अक्षर येत नव्हते, म्हणून चित्र पाहून जे सुचेल ते सांगत. त्यामुळे गोष्ट रोज निराळी. एका पानावर बर्फात बसलेले मांजराचे पिल्लू होते. नागपूरच्या माणसाला बर्फ म्हणजे उसाच्या रसातला! वडील त्या पानावर थांबत आणि विचारीत, “काहून बसलं असंन बाप्पा हे बाहीर? याले थंडी वाजत असंन का?” मी एकदा उठून माझी गोधडी आणली आणि पानावर पांघरली. वडील हसले नाहीत. “आता झोपलं पाय,” म्हणाले, आणि पुस्तक तसेच झाकून ठेवले. दोनतीन वर्षांनी मला वाचता येऊ लागले, तेव्हा कळले की त्या पिल्लाची छापलेली गोष्ट अगदीच वेगळी होती. ते पिल्लू मजेत खेळावयास बाहेर आले होते. मी वडिलांना हे मोठ्या शहाणपणाने सांगितले. त्यानंतर ते पुस्तक ‘वाचीनात’. हे माझे हातून झाले ते बरे झाले नाही.

अलीकडे विद्वानांनीही याचा शोध घेतला आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातील सेलिया ब्राऊनेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबाप मुलांबरोबर चित्रपुस्तक पाहताना काय बोलतात हे त्यांनी नोंदले. चित्रातल्याला काय वाटते हे जे पालक मुलालाच विचारीत, त्याच्याच तोंडून वदवीत, त्यांची मुले दुसऱ्याला मदत करण्यात आणि वाटून देण्यात पुढे दिसली. पालकाने स्वतः भावनेचे नाव सांगण्याला तेवढे मोल दिसले नाही. माझ्या अंगठेबहाद्दर बापाचा प्रश्न पिट्सबर्गच्या कसोटीला उतरला, हे वाचून मला झालेला आनंद आपण समजू शकाल. कॅनडात टोरंटो येथे २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर दुसरा प्रयोग झाला: वाटून खाण्याची एकच गोष्ट, एकदा माणसांच्या चित्रांची, एकदा कपडे घातलेल्या प्राण्यांची. माणसांची वाचलेली मुले नंतर अधिक वाटून देऊ लागली. प्राण्यांची वाचलेली नाही. यावरून पंचतंत्र बाजूला ठेवावे असे कोणी म्हणेल, तर ते मला पटत नाही. ज्या घरी बकरी आणि कोंबडी अंगणात वावरतात त्या घरच्या मुलाला प्राणी परका नसतो. टोरंटोची सदनिका आणि पारशिवनीचे अंगण यांत अंतर आहे.

आज पुस्तकांचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तके आहेत. ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके तर कोणत्याही भाषेने अभिमान बाळगावा अशी आहेत, आणि साहित्य अकादमीने २०१४ मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. त्यांच्या पुस्तकांत मूल हट्ट करते, रुसते, घाबरते, आणि शेवटी तात्पर्य येत नाही. प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक भाषांतील गोष्टी फुकट खुल्या केल्या.

अडचण मांडीची आहे. विड्या वळणाऱ्या बायांत मी बरीच वर्षे काम केले. त्यांच्या मांडीवर सूप असते. सुपात पाने, जर्दा, दोरा आणि कात्री. हजार विड्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत ते सूप उतरत नाही. मूल कडेला बसून पाहते आणि पाच वर्षांचे झाले की दोरा बांधू लागते. कायद्यात पाळणाघर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात होते, १९६६ च्या विडी कामगार कायद्यातही होते. पण काम घरी वळण्यास दिले की कारखानाच उरत नाही, आणि पाळणाघर कोठे बांधावयाचे हा प्रश्न मालकापुरता सुटतो. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे तास नवावरून बारापर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, कामगाराची संमती लागेल, जादा कामाचे पैसे मिळतील, हे सर्व त्यात आहे. ते मी लपवीत नाही. पण संमती कशी घेतली जाते हे आम्हाला ठाऊक आहे. आणि १९११ चा आकडा मी मघाशी सांगितलाच आहे.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविताना स्वतःचेही सांगितले पाहिजे. आठ तासांच्या दिवसावर मी शेकडो भाषणे केली. माझा मुलगा लहान असताना माझा स्वतःचा दिवस मात्र सोळा तासांचा होता. त्याला चित्रे दाखविली ती त्याच्या आईने, शिवणयंत्राचे काम थांबवून. एकदा तो पुस्तक घेऊन कचेरीत आला. माझ्यापुढे मोर्चाचे पत्रक होते. मी त्याला “थांब” म्हणालो, आणि तो थांबून थांबून बाकावर झोपी गेला. त्याला ते आठवत नाही म्हणतो.

हल्ली मी अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत थोडेफार काम करतो. या बायांना पगार नाही, मानधन आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे एवढे ठरण्यास २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मागे एका बैठकीत मागण्यांचा मसुदा चालू होता. मोबाईलवर पोषणाच्या नोंदी भरण्यात दिवस जातो, मुलांशी बोलण्यास सवड राहत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच होती. तेवढ्यात मागून एक सेविका उठल्या आणि पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांनी मेजावर ठेवले. मुखपृष्ठ गेलेले, शिवण सुटलेली. त्यांच्या अंगणवाडीत हे एकच पुस्तक. त्यांनी एक पान उघडून दाखविले. त्यावर रडणाऱ्या मुलीचे चित्र होते, आणि तिच्या गालापाशी कागदाला भोक पडले होते.

“पोट्टे रोज पुसतात, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तिचे डोळे.”

मसुद्यात मानधन, निवृत्तिवेतन, नोंदींचे काम कमी करणे अशा दहा मागण्या होत्या. अकरावी त्यांनी घालावयास लावली: प्रत्येक अंगणवाडीस दरवर्षी नवी चित्रपुस्तके, आणि ती मुलांसोबत पाहण्यासाठी रोजचा एक तास मोकळा. निवेदन दिलेले आहे. उत्तर यावयाचे आहे.